संख्या, मुदत आणि महिना : हुंडीपासून संगणकीय भाषेपर्यंत

प्रस्तावना :
कालगणनेच्या इतिहासात पंचांग व घड्याळ यांचा विचार पुष्कळ झाला आहे. संख्येला कालाचे एकक कसे जोडले गेले, हा प्रश्न मात्र मागे राहिला. ‘दीड तास’, ‘सव्वा महिना’ असे म्हणताना मराठी माणूस संख्या व एकक यांची फारकत करीत नाही. संगणकीय प्रणालींत मात्र कालावधी बहुधा सेकंदांच्या नुसत्या संख्येने मांडला जाई. प्रस्तुत लेखात या दोन पद्धतींचा मागोवा घेतला असून यवतमाळ जिल्ह्यातील पीक कर्जाच्या संदर्भात त्यांचे महत्त्व तपासले आहे.

स्थिर व अस्थिर एकके :
६० पळांची एक घटिका व ६० घटिकांचे एक अहोरात्र हे प्रमाण स्थिर आहे. त्यामुळे घटिकेची २४ मिनिटे करता येतात. महिन्याचे तसे नाही. चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा, तर इंग्रजी महिना २८ ते ३१ दिवसांचा असतो. मुदती हुंडीच्या व्यवहारात हा प्रश्न अटळ होता. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २३ ने त्याचे उत्तर दिले : ज्या महिन्यात मुदत संपते त्यात तेवढ्या क्रमांकाचा दिवस नसेल, तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी मुदत संपते. सवलतीचे तीन दिवस त्यापुढे मोजले जातात.

संगणकीय भाषेतील प्रवास :
युकिहिरो मात्सुमोतो यांची रूबी ही भाषा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत भाषेच्या अंगभूत संख्या-वर्गालाही नव्या क्रिया जोडता येतात. २००४ मध्ये डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या रेल्स या प्रणालीने ही सोय वापरली व ‘४५.मिनिट्स’, ‘३.मंथ्स’ अशी वाचताक्षणी कळणारी रचना रूढ केली. तथापि आरंभीच्या आवृत्त्यांत महिना म्हणजे ३० दिवसांचे सेकंद एवढाच अर्थ होता. ३१ ऑगस्टपासून तीन महिने मोजल्यास अधिनियमाप्रमाणे ३० नोव्हेंबर येतो. ९० दिवस मोजल्यास २९ नोव्हेंबर. पुढील आवृत्त्यांत कालावधी ही स्वतंत्र वस्तू मानली गेली, तिच्यात एकक जपले गेले आणि उत्तर ३० नोव्हेंबर असे येऊ लागले. हुंडीच्या कायद्याने सव्वाशे वर्षांपूर्वी मान्य केलेला नियमच येथे पुन्हा अवतरला.

यवतमाळचा संदर्भ :
कापूस व तूर पिकविणाऱ्या या जिल्ह्यात मुदतीचा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार सर्वसाधारण मुदत कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकल्यास ते कर्ज अनुत्पादक ठरते. अल्पमुदतीच्या पिकांसाठीच्या कर्जाला मात्र दोन पीक हंगामांची मर्यादा आहे. ‘हंगाम’ या एककाची लांबी पीक व प्रदेश यांवर अवलंबून असते. त्याचे सेकंदांत वा ठरावीक दिवसांत रूपांतर केले, तर शेतकरी मुदतीपूर्वीच थकबाकीदार ठरू शकतो आणि नोंदवहीत केवळ एक आकडा उरल्याने चूक कोठे झाली हे कोणाला दिसतही नाही.

निष्कर्ष :
वाचनीय रचना ही केवळ आज्ञावली लिहिणाऱ्याची सोय नव्हे. संख्येसोबत एकक टिकले, तरच त्या एककामागचा नियम टिकतो आणि हिशेब तपासण्याचा अधिकार सामान्य माणसाकडे राहतो.