सकारण आदेश

निर्णयाबरोबर त्याची कारणेही नोंदवणारा प्रशासकीय वा न्यायिक आदेश. गारगोटीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी (भुदरगड, जि. कोल्हापूर) याचे मोल सर्वाधिक जाणवते, कारण वहिवाट, रस्ता, वारसनोंद यांचे वाद बहुधा प्रथम तहसील कचेरीत येतात आणि तिथला कागद पुढे अपिलाचा पाया ठरतो. ‘अर्ज नामंजूर’ एवढ्याच शेऱ्याविरुद्ध शेतकऱ्याने दाद मागायची ती कोणत्या मुद्द्यावर? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 औपचारिक आणि संक्षिप्त अशा दोन्ही चौकश्यांत कारणे नोंदवायला सांगते. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4(1)(घ) नुसार बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे कळवणे हे कार्यालयाचे कर्तव्यच आहे.

कामाच्या रेट्यात इतके लिहिणार कोण, हा आक्षेप खोटा नाही. पण एस. एन. मुखर्जी प्रकरणात (1990) सर्वोच्च न्यायालयाने न्यायनिर्णयाइतका विस्तार मागितलेला नाही. मुद्द्यांचा विचार झाल्याचे दिसले तरी पुरते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: निर्णय आधी ठरतो, कारणे मागाहून जोडली जातात. तसे घडते, हे मान्य करावेच लागते. म्हणूनच मोहिंदर सिंग गिल प्रकरणातील (1977) दंडक महत्त्वाचा: आदेश त्यात नमूद कारणांवरच तपासला जाईल, नंतरच्या प्रतिज्ञापत्राने त्यात भर घालता येणार नाही. क्रांती असोसिएट्स प्रकरणात (2010) साचेबंद, रबरी शिक्क्यासारखी कारणेही अपुरी ठरली. लिहिलेले लंगडे कारण वरिष्ठांपुढे खोडता येते. न लिहिलेले खोडता येत नाही.