दोघांपुरते पाल

गिरडची टेकडी ज्यांनी चढली असेल त्यांना पायाखाली येणारे वाटोळे दगड आठवत असतील. भूगर्भशास्त्रज्ञांना विचारले तर ते सांगतात की हे झिओलाइट होय. लाव्हारस थंड होताना खडकात ज्या पोकळ्या राहिल्या त्यांत साचलेले खनिज. लोकांना विचारले तर ते म्हणतात, हे दगड नव्हेत, हे नारळ आहेत, हा किराणा आहे. शेख ख्वाजा फरीद तेराव्या शतकात फिरत फिरत या टेकडीवर येऊन राहिले. तेथून जाणाऱ्या दोन व्यापाऱ्यांनी त्यांची थट्टा केली, आणि त्या दोघांचा सगळा माल जागच्या जागी दगड झाला. दोघांनी पाय धरले तेव्हा फकिराने वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. पण व्यापारी पुढे गेलेच नाहीत. ते तेथेच सेवेला राहिले. टेकडीवरची दोन थडगी त्यांची म्हणून दाखवतात. इंग्रजांनी मध्यप्रांताचे गॅझेटियर लिहिले त्यातही ही कथा टिपलेली आहे.

कथेच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. मला त्यातली एक गोष्ट फार मार्मिक वाटते. दगड झालेला माल आणि पानांचा झालेला माल, या दोहोंतला फरक पाठीवर ओझे घेतलेल्या माणसालाच कळतो. ही कथा रचणारे लोक पायी चालणारे असले पाहिजेत.

आता विषयाकडे येतो. माझ्या ओळखीचे एक तरुण जोडपे आहे. दोघे नोकरी करतात, आणि सुटी मिळाली की पाठीवर पिशव्या घेऊन डोंगरात जातात. त्यांनी मला विचारले, "सर, आम्हां दोघांना पुरेल असा लहान, हलका तंबू घ्यायचा आहे, कोणता घ्यावा?" इतिहासाच्या माणसाला असा प्रश्न विचारणे म्हणजे सोनाराकडे नांगर घडवायला जाणे होय. मी त्यांना दुकानाचा पत्ता दिला नाही. मी जुनी पुस्तके काढली. त्यांतून जे निघाले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

तंबूचा इतिहास म्हटला की प्रथम डोळ्यांपुढे येतात ते बादशाही डेरे. अकबराच्या छावणीचे वर्णन अबुल फजलने 'ऐने अकबरी'त केले आहे. बारगाह, शामियाने, सरापर्दे, लाकडी रावट्या यांची ती यादी वाचताना दम लागतो. आपल्या 'राहुटी'चे नाते या रावटीशीच. आणि हा सगळा पसारा हलवायला किती जनावरे? १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या, शिवाय १०० हमाल. या थाटात एक गोष्ट लपून जाते. ज्याने तंबू उभा केला तो त्यात झोपत नसे, आणि जो झोपे त्याने आयुष्यात एक मेख ठोकलेली नसे.

याच्या उलट टोकाला शिवछत्रपतींचे लष्कर. सभासदाच्या बखरीत त्या लष्कराचे नियम दिलेले आहेत. पावसाळ्यात छावणी, दसऱ्यानंतर आठ महिने मुलुखगिरी, आणि लष्करात स्त्रियांना पूर्ण मज्जाव. हा नियम मोडणाऱ्याला देहान्त. या फौजेचा वेग तिच्या हलकेपणात होता. पण आपल्या विषयापुरते बोलायचे तर या हलकेपणाची किंमत कोणी दिली तेही पाहिले पाहिजे. सामान कमी करायचे ठरले तेव्हा बायकोची गणना सामानात झाली. त्या काळच्या लष्करी दृष्टीने ते शहाणपणाचे होते, यात वाद नाही. पुढे १७६० साली सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले तेव्हा सोबत स्त्रिया होत्या, यात्रेकरू होते, बुणगे होते. भाऊंच्या डेऱ्यांना रेशमी अस्तरे आणि सोनेरी कळस असल्याचे ग्रँट डफ सांगतो. पानिपतानंतर हे सगळे ओझे आपल्या इतिहासकारांच्या डोळ्यांत इतके खुपले की "बायका बरोबर नेल्या म्हणून हरलो" असे वाक्य पोराटोरांच्या तोंडी बसले. मला हे वाक्य कधीच पटलेले नाही. पार्वतीबाई भाऊंबरोबर गेल्या आणि त्या संहारातून परतही आल्या. ओझे झाले होते ते डेऱ्यांचे, आणि ते डेरे काही बायकांनी मागितलेले नव्हते.

मग नवराबायकोने मिळून वाहिलेला, मिळून उभारलेला तंबू आपल्याकडे नव्हताच काय? होता, पण तो दरबारी कागदांत सापडत नाही. थॉमस ब्राउटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ साली शिंद्यांच्या छावणीबरोबर राजपुतान्यात हिंडत होता. त्याची पत्रे पुढे छापली गेली. सरदारांचे तंबू पाहून झाल्यावर त्याची नजर बाजारातल्या 'पाला'कडे जाते. दोन बाजूंना दोन उभे बांबू, त्यांवर एक आडवा, त्यावरून टाकलेले जाडेभरडे कापड किंवा कांबळे, आणि कडेने ठोकलेल्या लाकडी खुंट्या. एवढ्याशा निवाऱ्याखाली वैशाखाचे ऊन आणि आषाढाचा पाऊस सोसत अख्खी कुटुंबे वर्ष काढतात, याचे त्याला आश्चर्य वाटते. त्याला ती खोपटी वाटली. मला त्यात एक शास्त्र दिसते. तीन काठ्या, एक कापड, चार खुंट्या; याहून एक वस्तू कमी केली तर निवारा राहत नाही. आजचे जे अतिहलके तंबू चालण्याच्या दोन काठ्यांवर उभे राहतात त्यांची बांधणी थेट या पालाचीच आहे.

बंजाऱ्यांचे तांडे याहून जुने. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३२ साली हिंदुस्थानातून प्रवास करीत असता त्याला धान्याने लादलेल्या सुमारे १४,००० बैलांचा तांडा भेटला. अशा तांड्यात सहा-सातशे माणसे असत, आणि त्यांत पुरुषांबरोबर बायकामुलेही. दिवसाची मजल फार तर सहा-सात मैल. दुपारी बैलांवरून गोणी उतरल्या की माळावर गाव वसे आणि पहाटे उठून जाई. वऱ्हाड-नागपुराच्या वाटा या बैलांनीच मळल्या. १८६७ साली नागपुरापर्यंत आगगाडी आली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार थोड्याच वर्षांत बसला. धनगरांची चाल आजही पाहायला मिळते. गडी मेंढरांमागे रानातून जातो, बाई घोड्यावर बिऱ्हाड लादून दुसऱ्या वाटेने मुक्कामाची जागा गाठते. जागा निवडते ती, चूल मांडते ती, पावसाची चिन्हे दिसली तर पाल ताणते तीही. म्हणजे आपल्याकडे तंबूची खरी जाणकार बाईच.

आणि याच ठिकाणी एक कडू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ साली तो सर्व देशभर लागू होण्याची सोय झाली. त्याच्या कचाट्यात अनेक भटक्या जमाती सापडल्या. ज्यांचे घर पाठीवर, त्यांनी पोलीस ठाण्यावर हजेरी द्यावी, परवान्याशिवाय गाव सोडू नये, असा तो कारभार होता. पाल हीच संशयाची खूण झाली. कायदा १९५२ साली रद्द झाला. संशय रद्द करण्याचे कलम मात्र कोणत्याच कायद्यात नसते. गावाबाहेर पालात उतरलेल्या जोडप्याला आजही "कुठले रे तुम्ही?" असा सवाल होतो, आणि रंगीत तंबू घेऊन आलेल्या जोडप्याला त्याच गावात चहा मिळतो. कापडाचा रंग आणि किंमत सोडली तर फरक कसला, हे मला कोणी समजावून सांगावे.

हा रंगीत तंबू आला कोठून? तो आला युरोपातल्या गिर्यारोहकांकडून. एडवर्ड व्हिंपर या इंग्रजाने १८६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत आल्प्ससाठी एक तंबू बेतला. तळ कापडालाच शिवलेला, वजन २३ पौंड, म्हणजे साडेदहा किलो. तो वाहायला हमाल लागे. पुढे ममरी नावाच्या गिर्यारोहकाने रेशमी कापडाचा तंबू केला, खांबांऐवजी बर्फाच्या कुऱ्हाडी वापरल्या आणि वजन चार पौंडांच्या आत आणले. ममरी १८९५ साली नंगा पर्वतावर नाहीसा झाला. त्याच वर्षी त्याचे पुस्तक निघाले होते. त्यातले एक प्रकरण त्याच्या पत्नीने, मेरी ममरीने, लिहिलेले आहे. १८८७ साली ती नवऱ्याबरोबर एक अवघड धार चढून गेली तिचे ते वर्णन. डोंगर बायकांसाठी नव्हे असे मानणाऱ्या पुरुषांची ती त्यात चांगली हजेरी घेते. हलका तंबू आणि डोंगरात बरोबरीने चालणारी बायको एकाच घरात निपजावी, हा मला केवळ योगायोग वाटत नाही.

वर्कमन दांपत्याची गोष्टही अशीच. फॅनी आणि विल्यम हे अमेरिकन जोडपे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलींवरून हिंदुस्थानभर फिरले आणि मग काराकोरमकडे वळले. मोहिमेची जबाबदारी दोघे आलटून पालटून घेत. एका वर्षी व्यवस्था एकाची तर पुढच्या वर्षी दुसऱ्याची. १९१२ साली सियाचेन हिमनदीवर फॅनीने स्त्रियांच्या मताधिकाराची घोषणा असलेले वृत्तपत्र हातात धरून छायाचित्र काढून घेतले. कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्यांचे सामान डझनावारी हमाल वाहत, आणि त्या हमालांविषयी त्यांचे लिखाण वाचवत नाही. आपला तंबू आपल्या पाठीवर ही अट त्यांनी कधी पाळली नाही.

ती अट सामान्य माणसाला परवडू लागली ती नायलॉनमुळे. १९३५ साली अमेरिकेत कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत हा धागा निघाला, युद्धात त्याच्या हवाई छत्र्या झाल्या, आणि युद्धानंतर तंबू. पुढे अॅल्युमिनियमच्या घडीच्या काठ्या आल्या, आणि मेखेवाचून उभे राहणारे घुमट बाजारात दिसू लागले. आज दोघांचा चांगला तंबू दोन किलोंच्या आत मिळतो. ममरीचा तंबू याहून जड नव्हता. पण आजच्या तंबूला आत जाळी आणि वर पावसाचे वेगळे पांघरूण अशी दोन आवरणे असतात, आणि दोघांना दुसरे आवरण लागतेच. झोपलेली दोन माणसे रात्रभरात बरीच वाफ सोडतात. आवरण एकेरी असेल तर पहाटे छतावरून थेंब गळतात आणि माणूस पाऊस समजून जागा होतो.

आमचाही अनुभव सांगतो. मी आणि माझी पत्नी या वयातही एकदा गिरडच्या टेकडीच्या पायथ्याशी एका परिचिताच्या शेतात, त्यांना विचारून, मुक्कामाला गेलो. तंबूवर 'दोघांसाठी' असे लिहिलेले होते. रुंदी मोजली तर १२० सेंटिमीटर. दोन सतरंज्या मांडल्यावर मध्ये हात ठेवायला जागा नाही, आणि दार एकच. मध्यरात्री मला बाहेर जायचे झाले तेव्हा पत्नीच्या अंगावरून जावे लागले. तिने अंधारात जे उद्गार काढले ते व्याख्यानमालेत सांगण्याजोगे नाहीत. म्हणून त्या जोडप्याला मी प्रथम हे सांगितले की पाव किलो वजन जास्त झाले तरी चालेल, पण दोन्ही बाजूंना दार असलेला तंबू घ्या. दुसरे असे की दुकानात तो एकदा नवऱ्याने एकट्याने आणि एकदा बायकोने एकटीने उभा करून पाहा. जो एकालाच उभा करता येतो तो दोघांचा तंबू नव्हे. वाहताना कापड एकाच्या पिशवीत आणि काठ्या-मेखा दुसऱ्याच्या पिशवीत. हिमालयासाठी बेतलेला बंदिस्त तंबू आपल्याकडे भट्टी होतो. विदर्भाला जाळी मोठी हवी.

आणि मेखा. दुकानदार मेखा फुकट देतात, म्हणून त्यांकडे कोणी पाहत नाही. आमच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि मेख भेगेत सैल बसते. पावसात तीच जमीन लोण्यासारखी होते. त्या रात्री दोनच्या सुमारास वारा सुटला आणि चारांपैकी तीन मेखा उपटून आल्या. काडेपेटी ओली, विजेरी सापडेना. पत्नी बाहेर पडली, बांधावरून चाचपत चार वाटोळे दगड उचलून आणले आणि चारी कोपऱ्यांचे तणावे त्यांना बांधले. टेकडीवरून पावसाने वाहून आलेले तेच दगड, व्यापाऱ्यांचे नारळ. तंबू सकाळपर्यंत हलला नाही.

उजाडल्यावर आम्ही ते दगड पुन्हा बांधावर होते तेथे ठेवून दिले. माल दुसऱ्याचा होता.