पायाखालचे थर

आमच्या सोलापुरात पाहुणा दारात चपला काढतो आणि उन्हाळा असेल तर आत येता येताच म्हणतो, "शहाबादी आहे होय? बरं वाटलं पायाला." बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या या गावात फरशीची ही एवढी स्तुती पुरते.

माझे अब्बा गवंडी होते. दुसऱ्यांच्या किती घरांत त्यांनी फरशी बसवली याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही, आम्हीही ठेवला नाही. १९८१ साली त्यांनी स्वतःच्या दोन खोल्यांत ती बसवली. मी शाळकरी पोर होतो. दरजांत सिमेंट भरायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी नीट केलं नव्हतं, हे आजही एका कोपऱ्यात दिसतं.

गेल्या वर्षी थंडीत अम्मीच्या गुडघ्यांनी या गारव्याविरुद्ध तक्रार केली. वय ऐंशीच्या पुढे. बायको म्हणाली, फरशी काढून व्हिट्रीफाइड टाकू. पण तीही गारच, आणि चाळीस वर्षांची शहाबादी सब्बल लावल्यावर अख्खी निघत नाही. अब्बांचं काम फोडायला माझा हात होईना. मग दुकानदारानं लॅमिनेटची पाटी पुढे केली. "याला खिळा नाही, सिमेंट नाही. जुन्या फरशीवर नुसती पसरायची. उद्या नको वाटली तर उचलायची." त्या शेवटच्या वाक्यावर मी विकला गेलो.

कवितेच्या माणसाला एखादी वस्तू घरात आणली की तिचं कूळ विचारल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून थोडं मागे जाऊ.

माझं आजोळ अक्कलकोट तालुक्यातलं. तिथं जमीन म्हणजे मुरूम आणि माती, पाणी मारून धुम्मसानं चोपलेली. नानी अंगण शेणानं सारवायची. आत, नमाजाची चटई पसरायच्या जागी मात्र पांढरी माती. दर आठवड्याला नवा हात, म्हणजे नवा थर. ऐपत असलेल्यांकडे चुन्याचा कोबा. शहाबादी आली ती आगगाडीबरोबर. मुंबईहून निघालेला जीआयपी रेल्वेचा मार्ग सोलापूर, गुलबर्गा, शहाबाद करत १८७१ साली रायचूरला मद्रासच्या मार्गाला मिळाला, आणि भीमेच्या खोऱ्यातला तो चुनखडीचा दगड वाघिणींत बसून गावोगाव पोचू लागला. हा दगड मुळात थराथरांचा. छिन्नी बरोबर सांध्यावर बसली की वहीची पानं सुटावीत तसा सुटतो. लॅमिनेट हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचाही अर्थ पातळ पत्रा, पापुद्रा. म्हणजे आम्ही आधीपासूनच लॅमिनेटवर झोपत होतो म्हणायचं.

मुंबईच्या श्रीमंतीला दगड पुरला नाही. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये इंग्लंडहून आलेल्या मिंटनच्या नक्षीदार टाइल्स आजही दिसतात. त्या परदेशी मालाला उत्तर म्हणून १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या भावनेतून 'भारत टाइल्स' काढली. सिमेंटमध्ये रंग कालवून साच्यात ओतायचा, दाबयंत्रानं दाबायचा आणि पाण्यात मुरवायचा, भट्टी नाहीच. जुन्या मुंबईच्या कितीतरी जिन्यांवर आणि दिवाणखान्यांत ती फुलं अजून टिकून आहेत. स्वातंत्र्याची चळवळ पायाखालीही चालली होती, हे मला फार उशिरा कळलं.

लॅमिनेटचं कूळ मात्र वेगळं. ते फरशीकडून आलेलंच नाही, विजेकडून आलं. विजेच्या यंत्रांत तारांच्या मध्ये अभ्रक घालत, वीज इकडची तिकडे जाऊ नये म्हणून. त्या काळी जगाला अभ्रक पुरवण्यात आपला देश आघाडीवर होता; कोडरमाच्या खाणी त्यासाठीच प्रसिद्ध. १९१२च्या सुमारास अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर या दोघांनी बेकलाइटच्या जातीच्या राळेत कापड आणि कागद भिजवून, थरावर थर दाबून अभ्रकाला पर्याय काढला. माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, राळेचं रसायन मला समजावता यायचं नाही. पण नाव कळलं. अभ्रक म्हणजे इंग्रजीत 'मायका'. मायकाच्या ऐवजी, म्हणजे 'फॉर मायका', म्हणून फॉर्मायका!

आपल्याकडे तोच पत्रा 'सनमायका' म्हणून रुळला. खरं तर ते एका मालाचं नाव. पण आता कुठल्याही कंपनीचा पत्रा मागायला जा, सुतार सनमायकाच म्हणणार. असं पूर्वीही झालं आहे. जवसाच्या तेलापासून फ्रेडरिक वॉल्टननं बनवलेल्या 'लिनोलियम'चं नाव इतकं लोकांच्या तोंडी बसलं, की १८७८ साली इंग्लंडच्या कोर्टानं ते नाव एकट्याचं राहिलं नाही असा निकाल दिला. लहानपणी मी मात्र सनमायका म्हणजे एखादं माहेर समजत होतो. आमच्या घरच्या बोलीत मायका म्हणजे माहेरच ना.

टेबलावरचा हा पत्रा जमिनीवर उतरवला स्वीडननं. पेर्सटॉर्प नावाच्या गावातली त्याच नावाची कंपनी. १८८१ साली बीचच्या लाकडापासून सिरका काढण्यापासून तिची सुरुवात. तिनं १९७७ साली लॅमिनेटची जमीन शोधली आणि १९८४ साली बाजारात आणली. स्वीडिश भाषेत जमिनीला 'गोल्व' म्हणतात. पेर्सटॉर्पचं 'पेर' आणि गोल्वचं 'गो' मिळून 'पेर्गो'. खाली लाकडाचा भुगा दाबून केलेला घट्ट पाट, त्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद, त्यावर मेलामाइनचं पारदर्शक कवच, ज्यात झीज होऊ नये म्हणून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण. सुरुवातीला पट्ट्या एकमेकींना डिंकानं चिकटवत. १९९६-९७च्या सुमारास स्वीडनच्या व्हेलिंगे आणि बेल्जियमच्या युनिलिन या कंपन्यांनी खाचेत खाच अडकवायची युक्ती आणली आणि डिंक सुटला. दुकानदाराचं ते "उद्या उचलायची" या युक्तीमुळेच खरं.

फोटोची गोष्ट अम्मीला सांगितली तेव्हा ती हसली. "तो मैं इस फोटू पे नमाज पढूं?" तिला जमीन कशी असावी हे पक्कं ठाऊक होतं. तिचा दुसरा प्रश्न जास्त कठीण होता. पाणी ओतून धुता येईल का?

नाही येत. लाकूड आणि पाण्याचं भांडण फार जुनं. व्हर्सायच्या राजवाड्यात संगमरवर धुण्याचं पाणी झिरपून खालच्या तुळया कुजत, म्हणून १६८४ साली तिथं लाकडी पार्के बसवली, जी धुवावी लागू नये. आम्ही उलट्या वाटेनं त्याच अडचणीला येऊन भिडलो.

मे महिन्यात काम झालं. आठ मिलिमीटरच्या पट्ट्या, घरासाठी पुरेसा असा एसी-३ दर्जा, खाली प्लास्टिकचा कागद आणि फोमची पातळ गादी. बसवणारा पोरगा हातानं चपळ होता, पण घाईत. खोके आणले तसे फोडले. अठ्ठेचाळीस तास खोलीत पडू द्यायचे, ते राहिलं. आणि पट्ट्या थेट भिंतीला भिडवल्या. मीही बघत होतो, मलाही कळलं नाही. एकच गाठ दर काही पट्ट्यांनंतर तशीच्या तशी पुन्हा येते, एवढंच माझ्या नजरेनं टिपलं. खऱ्या झाडाला असं कधी सुचलं नसतं.

मेमध्ये सुकलेला भुशाचा पाट ऑगस्टच्या दमट हवेत फुगला. सरकायला जागा नाही, म्हणून खोलीच्या मधोमध उंटाची पाठ झाली. अम्मी तिच्यावर अडखळली. पलंगाची दांडी हाताला लागली म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप आली नाही. अब्बांनी एवढ्या घरांत फरशी घातली, त्यांच्या फरशीला अडखळून कोणी पडल्याचं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुसरा, वयस्क मिस्त्री आणला. त्यानं कडेची पट्टी काढली, सगळं उचललं, चहूबाजूंनी दहा मिलिमीटर कापून जागा सोडली. तोवर दोन दिवस अब्बांची फरशी उघडी होती. पलंगापासून दारापर्यंत अम्मीच्या पायांनी तिच्यावर एक चकचकीत वाट घासली होती. फोमखाली ती जशीच्या तशी होती.

दाराजवळच्या दोन ओळी मात्र कामातून गेल्या होत्या. दिवसातून पाच वेळा वजू करून अम्मी ओल्या पायांनी आत येते. सांध्यांतून पाणी मुरून कडा फुलल्या होत्या. मिस्त्री म्हणाला, नवीन टाकू आणि पायपुसणं ठेवू. मी हो म्हणणार होतो.

"तेवढी राहू दे तशीच," अम्मी म्हणाली. "रात्री उठले की पायाला गार लागलं म्हणजे दार आलं, हे कळतं मला."

मिस्त्रीनं तिथं उतरती पट्टी मारली. दारापाशी दीड फूट शहाबादी आता उघडी आहे. मी भरलेली ती खराब दरजही नेमकी त्यातच येते.