फटफटी परत आली, फिटर मात्र दिसेना

परवा रविवारी सकाळी आळेफाट्याला चहाला थांबलो होतो. सात-आठ मोटारसायकली रांगेत येऊन उभ्या राहिल्या. सगळी पोरं पुण्याकडची, माळशेजला निघालेली. गोल हेडलाइट, थेंबाच्या आकाराची टाकी, चकचकीत क्रोम, तारांची चाकं. टपरीवर बसलेले एक म्हातारबा म्हणाले, "आरं, ह्या तर आमच्या वेळच्या फटफट्या!"

जवळ जाऊन पाहिलं. गाड्या वर्ष-दोन वर्षांच्या. हँडलला मोबाईल चार्जिंगला लावलेला, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, किकचा दांडा कुठंच नाही. चेहरा आजोबाचा आणि काळीज नातवाचं.

हे सगळं आज लिहायला कारण आमच्या घरातलंच आहे. पुतण्या चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहे. त्याला अशीच एक गाडी घ्यायचीय. "काका, पप्पांना तुम्हीच समजवा, ते तुमचं ऐकतात," म्हणून आठ दिवस मागं लागलाय. दादा म्हणतो, "तूच पेपरवाला. तूच सांग, यात शहाणपण किती आणि खूळ किती?" म्हटलं, सांगायचंच तर नीट मुळापासून सांगू.

आमच्या अण्णांकडं राजदूत होती. १९८४ साली सेकंडहँड घेतलेली. राजदूत म्हणजे एस्कॉर्ट्स कंपनीची १७५ सीसीची टू-स्ट्रोक गाडी, मूळ आराखडा पोलंडच्या एसएचएल गाडीचा. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून अण्णा पहाटे सोसायटीत जायचे. बाजारच्या दिवशी त्याच गाडीवर मंचरला कांद्याचं पोतं. ती गाडी शौकाची नव्हती, बैलासारखी कामाची होती.

त्या काळात आपल्याकडं गाड्या का वाढल्या, हेही आठवून बघा. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज. कालव्याला पाणी आलं. बाजरीच्या जागी ऊस आला, मग द्राक्षं, टोमॅटो. विघ्नहर कारखाना उभा राहिला. पाण्यामागून पैसा आला आणि पैशामागून फटफटी. बुलेट असायची ती फौजदाराकडं नाहीतर बड्या बागायतदाराकडं. जावा असायची हौशी माणसाकडं. बाकी सगळ्यांना राजदूत, एम-एटी आणि लूना.

जावाची गोष्ट तर मोठी गमतीची. कंपनी मूळची चेकोस्लोव्हाकियाची, १९२९ सालची. यानेचेक हे मालकाचं आडनाव आणि वाँडरर ही जर्मन कंपनी, दोघांची पहिली अक्षरं जोडून 'जावा'. आपल्याकडं इराणी कुटुंबानं म्हैसूरला आयडियल जावा कारखाना काढला. १९६१ पासून तिथं गाड्या बनू लागल्या, पुढं त्यांचंच नाव 'येझदी' झालं. त्या गाडीत किक आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच दांडा फिरवून गिअर टाकायचा. नवख्या माणसाला ती गाडी चालू करता यायची नाही, हेच तिचं कुलूप!

मग १९८५ ला हिरो होंडाची सीडी-१०० आली. फोर-स्ट्रोक, ऑइल मिसळायची भानगड नाही, लिटरला राजदूतच्या दुपटीनं पळायची. शेतकऱ्यानं हिशोब केला आणि राजदूत गोठ्यात गेली. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. बुलेटचंही काही खरं नव्हतं. १९९४ ला आयशरनं रॉयल एनफिल्ड ताब्यात घेतली तेव्हा ती कंपनी रडतखडतच चालली होती. इकडं चाकणच्या बजाजनं २००१ ला पल्सर काढली आणि आमच्या पिढीची पोरं तिच्यामागं लागली. मला आठवतंय, कॉलेजला असताना अण्णांची राजदूत घेऊन जुन्नरच्या स्टँडवर जायची मला लाज वाटायची. लांब लावून चालत जायचो.

आता बघा, लाज वाटायची तोच चेहरा आज दोन लाखांच्या आतबाहेर विकला जातोय.

हे काही फक्त आपलं खूळ नाही. जपानमध्ये कावासाकीनं १९८९ लाच झेफर नावाची जुन्या वळणाची गाडी काढली होती. आपल्याकडं खरी सुरुवात २००९ ला झाली, रॉयल एनफिल्डच्या क्लासिकनं. कंपनीनं हुशारी काय केली, तर रूप १९५० च्या वेळचं ठेवलं आणि इंजिन नवं घातलं. २०१० ला ही कंपनी वर्षाला ५० हजारांच्या आसपास गाड्या विकायची. २०२४-२५ मध्ये तिनं १० लाखांचा आकडा ओलांडला. १५ नोव्हेंबर २०१८ ला जावा परत आली, तेव्हा महिनाभरात पुढच्या सप्टेंबरपर्यंतच्या गाड्यांचं बुकिंग संपलं होतं. २०२२ ला येझदी आली. २०२३ च्या जुलैत ट्रायम्फची स्पीड ४०० आली. नाव विलायतेचं, पण बनते आपल्या नाशिक रोडवर, चाकणला. चेतकचंही तेच. २००६ ला बंद पडलेली स्कूटर २०२० ला बॅटरीवर परत आली, तीही गोल दिवा लावून.

लोक या गाड्यांवर का भाळतात? मला तरी यात निव्वळ दिखावा दिसत नाही. पल्सरच्या जमान्यातल्या गाड्या सगळ्या टोकदार, प्लास्टिकच्या, दर दोन वर्षांनी स्टिकर बदलणाऱ्या. या गाड्यांना एक ठहराव आहे. पाठ सरळ ठेवून बसायचं, साठ-सत्तरच्या वेगात डुगडुगत जायचं, आजूबाजूला बघायचं. घोडेगाववरून डिंभ्याच्या कडेकडेनं भीमाशंकरला किंवा जुन्नरहून नाणेघाटाकडं जायला अशी गाडी झकास. २०१८ ला सरकारनं जुन्नरला विशेष पर्यटन तालुका जाहीर केलं. तेव्हापासून शनिवार-रविवारी चहा-मिसळवाल्यांची जी चार पैशांची विक्री होते, तिच्यात या गाडीवाल्यांचाही वाटा आहे, हे मान्य केलं पाहिजे. आणि बैलगाडा शर्यतीत घाटाचा राजा ठरलेल्या गाड्याला बक्षीस म्हणून स्टेजसमोर बुलेट उभी असते, तेव्हा तिचा मान काय आहे ते वेगळं सांगायला नको.

जुनं ते सगळं सोनं, असंही म्हणू नका. राजदूतला सहा व्होल्टचा दिवा होता. इंजिन मंदावलं की दिवाही मंद. उसाच्या रानातनं रात्री यायचं म्हणजे जीव मुठीत. आज बिबट्या रस्त्यावर केव्हा येईल याचा नेम नाही, तिथं लख्ख दिवा लागतोच. जुने ड्रम ब्रेक पावसात भिजले की गाडी देवाच्या भरवशावर थांबायची. जुन्या बुलेटची किक उलटली की पायाचं काम तमाम. नव्या गाडीला एबीएस आहे, बटनस्टार्ट आहे. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचंच आहे. ही सुधारणा आहे, आणि तिनं जीव वाचतात.

आता दुसरी बाजू.

पहिली गोष्ट वजन. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, स्प्लेंडरचं ११२ च्या आसपास. मोकळ्या रस्त्यावर ते कळत नाही, पण नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटमधून गाडी मागं ढकलायची वेळ आली की कळतं. ॲव्हरेज तीस-पस्तीसचं, म्हणजे स्प्लेंडरच्या निम्मं. तारांची चाकं दिसायला सुंदर, पण बहुतेकांत ट्यूब असते. पंक्चर झालं की हवा झटकन जाते आणि चाक खोलल्याशिवाय गत्यंतर नाही. साध्या ट्यूबलेसला खिळा घुसला तरी माणूस पुढच्या गावापर्यंत पोचतो.

दुसरी गोष्ट आवाज. जुन्या बुलेटचा ठोका या नव्या इंजिनात नाही, म्हणून पोरं सायलेन्सर बदलतात. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. दवाखान्यासमोरून आणि शाळेसमोरून फटाके उडवत जायचं, याला वारसा म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. राजदूत बंद पडली की अण्णा रस्त्याच्या कडेला बसायचे. प्लग काढायचे, पोलिस पेपरनं घासायचे, फुंकर मारायचे, किक. नाहीच झाली तर गावातला फिटर होताच. दोन पाने, एक पक्कड आणि कान, एवढ्या भांडवलावर त्यानं चार पोरं शिकवली. आवाज ऐकून सांगायचा, पॉइंट गेलाय का क्लचप्लेट.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका मित्राची नवी, जुन्या वळणाची गाडी डिंभ्याच्या पुढं बंद पडली. कंपनीचं नाव घेत नाही. मीटरवर पिवळा दिवा लागलेला. फिटरला बोलावलं. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि हात पुसत म्हणाला, "दिसती राजदूतवानी, पण हिच्या पोटात कॉम्प्युटर हाय. तो माझ्याशी बोलत न्हाई." गाडी पिकअपमध्ये टाकून शोरूमला न्यावी लागली. एक सेन्सर गेला होता. गाडी चार दिवसांनी मिळाली.

२०२० पासून बीएस-६ नियम आले. कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. हवा स्वच्छ राहायला ते हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोष शोधायचं यंत्र आणि माहिती शोरूमपाशीच अडली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही काढलं. त्यात वाहनंही धरलेली आहेत. पोर्टलवर माहिती टाकणं ठीक, पण आपल्या आदिवासी पट्ट्यातल्या गावच्या फिटरच्या हातात ते यंत्र आणि शिक्षण कोण देणार? आपल्या आयटीआयमधून दोन महिन्यांचा वर्ग जुन्या फिटरांसाठी काढता येणार नाही का? आमदार-खासदारांकडं आपण रस्ते मागतो, कमानी मागतो. एकदा हेही मागून बघू.

कंपन्यांनी आपल्या बापजाद्यांच्या गाडीचं रूप परत दिलं. पण ती गाडी आपल्या हातानं दुरुस्त करता येते, हा जो भरवसा होता, तो काही परत दिला नाही. जुन्या गाडीची खरी श्रीमंती तीच होती.

राहिला पुतण्याचा प्रश्न. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के. म्हणजे ३५० वाली थोडी स्वस्त झाली, हे त्याचं म्हणणं बरोबर. पण दीड लाख कर्ज काढलं तर तीन वर्षं महिन्याला पाच हजारांच्या आसपास हप्ता. दुधाला तीस-बत्तीस रुपये भाव धरा. एका हप्त्याला एकशे साठ लिटर दूध. अण्णांची राजदूत दूध वाहून आणायची आणि घर चालवायची. ही गाडी दूध पिणार.

दोघांना समोर बसवून हा हिशोब मांडला. ठरलं असं : गाडी घ्यायची, पण वर्षभरानं. तोवर महिन्याला पाच हजार त्यानं स्वतःच्या पगारातून बाजूला टाकायचे. जमलं तर हप्ताही झेपेल. नाही जमलं तर त्याचं त्यालाच कळेल. दुधाच्या पगाराला हात लावायचा नाही, सायलेन्सर बदलायचा नाही, हेल्मेटशिवाय किल्ली मिळणार नाही.

पोरगं जरा फुगलंय. काल गोठ्यात जाऊन अण्णांच्या राजदूतवरची धूळ पुसत होतं. मला म्हणतं, "काका, हिचा प्लग कसा काढायचा, दाखवा की."

पाना शोधला. वीस वर्षांनी हात लावला, पण निघाला.