न्यायमूर्ति तेलंग यांचें भिन्न मत

बुलढाणा, मेहकर, मलकापूर या बाजूच्या शेतकऱ्याचा दावा एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या हायकोर्टांत जात नसे. वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, तरी न्यायाच्या बाबतींत तो मुंबई इलाख्याबाहेरच राहिला. असें असूनहि, वांटणीचा तंटा निघाला म्हणजे वऱ्हाडांत हिंदु कायद्याचा अर्थ मुंबईच्या पद्धतीनेंच लावीत. म्हणून काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचें चरित्र आम्हांस या जिल्ह्याला परकें वाटत नाहीं.

तेलंगांचा जन्म मुंबईस ३० ऑगस्ट १८५० रोजीं झाला. एम. ए., एलएल. बी. होऊन १८७२ सालीं ते हायकोर्टाचे ॲडव्होकेट झाले. धर्मशास्त्राचे ग्रंथ मूळ संस्कृतांतून वाचून कोर्टापुढें मांडणारा वकील त्या काळीं विरळाच. रामायण होमरवरून घेतलें या वेबरच्या मताचें खंडन त्यांनीं १८७३ सालींच केलें. गीतेचें त्यांचें इंग्रजी भाषांतर मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेंत १८८२ सालीं निघालें. १८८९ सालीं, चाळिशीच्या आंतच, ते न्यायाधीश झाले.

त्यांची खरी पारख आमच्या मतें आपाजी नरहर कुळकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुळकर्णी या मुकदम्यांत होते. प्रश्न घरोघरचा होता. बाप आपल्या बापाशीं किंवा भावांशीं एकत्र राहत आहे. त्याला वेगळें व्हावयाचें नाहीं. अशा वेळीं बापाच्या संमतीवांचून मुलाला वडिलोपार्जित इस्टेटींतील आपला हिस्सा मागतां येईल काय? फुल बेंचच्या बहुमतानें "नाहीं" म्हटलें. तेलंग एकटे निराळे पडले. वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचा हक्क मिताक्षरेप्रमाणें जन्मानेंच उत्पन्न होतो. मग तो हक्क मान्य करून वांटणी मात्र नाकारणें त्यांस शास्त्राला धरून वाटेना. निकाल अर्थातच बहुमताचा झाला. परंतु वरिष्ठ न्यायाधीशांशेजारीं बसून आपलें निराळें मत सविस्तर लिहून ठेवण्यास केवळ विद्वत्ता पुरत नाहीं.

ही निर्भयता घरांत मात्र टिकली नाहीं, हें लिहितांना लेखणी अडखळते. सामाजिक सुधारणेंत विरोध कमी असेल त्या वाटेनें जावें असें ते १८८६ सालच्या व्याख्यानांत सांगत. पुढें संमतिवयाच्या कायद्याची बाजूहि त्यांनीं घेतली. आणि १८९३ सालीं त्यांनीं आपल्या आठ वर्षांच्या मुलीचें लग्न लावून दिलें! सुधारकांनीं त्यांस दोष दिला, आणि तो योग्यच होता. एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांचें मन मोडणें किती कठीण असतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण आश्चर्य वाटतें तें याचें, कीं मुलानें बापाच्या संमतीवांचून वेगळें होण्याचा हक्क ज्यांनीं कागदावर इतक्या निश्चयानें उचलून धरला, त्यांना स्वतःच्या उंबरठ्याच्या आंत एवढें वेगळें होतां आलें नाहीं. त्या आठ वर्षांच्या मुलीचें मत कोणी विचारलें नसेल, हें उघड आहे.

मुंबई विश्वविद्यालयाचे ते पहिले हिंदी व्हाइस-चॅन्सेलर. तो मान त्यांस १८९२ सालीं मिळाला. पुढच्याच वर्षीं, १ सप्टेंबर १८९३ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं ते वारले. त्यांच्या रिकाम्या जागेवर महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली.