देवळालीचे मास्तर आणि एक सतरा अंकी संख्या

वाचकहो, फराळाची ताटली जरा बाजूला ठेवा आणि कागद-पेन्सिल घ्या. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. ११११ चा १२३४३२१. असे करत नऊ एकांपर्यंत गेलात की मिळते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, उजवीकडून वाचा की डावीकडून, संख्या तीच. दहावा एक जोडला की वर्ग करताना हातचा येतो आणि जिना मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

या वर्गांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. जन्म डहाणूचा, १९०५ चा. ठाण्यात शाळा, पुण्यात फर्ग्युसन कॉलेज, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक. पुढे १९६२ पर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते. जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून हे नाव.

आता आपली संख्या नवाच्या आधी तोडा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज करा. नऊ वेळा नऊ येईल. मग सतरा अंकांची बेरीज करा: ८१. मूळ संख्येला ८१ ने भागून पाहा. १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी, म्हटले. सगळ्या डेम्लो संख्या हर्षद नसतात. १२१ ची बेरीज ४, आणि ४ ने १२१ ला भाग जात नाही. १२३२१ ला मात्र ९ ने जातो.

तुमच्या मुलांच्या इंग्रजी पुस्तकात याच संख्यांना 'निव्हन संख्या' म्हटलेले आढळेल. अमेरिकेतले गणिती आयव्हन निव्हन यांनी १९७७ च्या एका परिषदेत त्यांच्यावर व्याख्यान दिले, तेव्हापासूनचे हे नाव. निव्हन मोठेच गणिती होते. पण संख्यांचे बारसे त्याआधीच देवळालीत झाले होते.

मी डॉक्टरेट घेतली, आयुष्यभर विद्यापीठात शिकवले, म्हणून हे सांगतो. कापरेकरांकडे संशोधनाची पदवी नव्हती. त्यांच्या संख्या भारतातल्या अनेक गणितज्ञांनी पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाने दखल घेतली. त्या वेळी मास्तर सत्तरीत होते. १९८६ मध्ये ते गेले.

आपल्या माणसाचे मोल बाहेरच्याने सांगेपर्यंत आपण थांबतो, ही सवय इथे राहूनही सुटलेली नाही. म्हणून या दिवाळीत एवढे करा. नातवंडांना जवळ बसवा, ही सतरा अंकी संख्या लिहून द्या आणि भागाकार त्यांनाच करू द्या. बाकी शून्य आली की तिचे नाव विचारतील. 'हर्षद' सांगा, अर्थही सांगा, आणि ते ठेवणाऱ्या मास्तरांचे नावही सांगा.