पाठविणाऱ्याची पत

पेडणे आणि डिचोली हे गोमंतकाच्या उत्तर सीमेवरील दोन तालुके. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज अमलाखाली गेले आणि ‘नव्या काबिजादी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलखात त्यांची गणना होऊ लागली. राज्य लिस्बनचे झाले. परंतु देवळातील कीर्तन आणि घरोघरची पत्रे मराठीतच राहिली, आणि सोयरिकीही सीमेपलीकडील सावंतवाडीच्या मुलखाशी पूर्ववत होत राहिल्या. अशा प्रदेशात चार माणसांना निरोप धाडणे ही रोजची गरज होती. तिच्यावर कोणी व कशासाठी बंधन घालावे, हा प्रश्न तेथे केवळ पुस्तकी कधीच नव्हता.

सालाझारच्या राजवटीत गोव्यात छापावयाचा मजकूर आधी सरकारी तपासनिसाकडून मंजूर करून घ्यावा लागे. लग्नपत्रिकासुद्धा या नियमातून सुटली नव्हती. वधूवरांची नावे आणि मुहूर्ताची वेळ यांत राजद्रोह तो कोणता असणार! पण राज्यकर्त्याला भीती वाटत होती ती शब्दांची. १९ डिसेंबर १९६१ रोजी ती राजवट संपली आणि तो तपासनीसही गेला.

मर्यादेचा दुसरा प्रकार टपालाच्या इतिहासात आढळतो. इंग्लंडात १८४० पूर्वी पत्राचा खर्च बहुधा ते घेणाऱ्याच्या माथी पडे. रोलंड हिल यांच्या सुधारणेने तो पाठविणाऱ्याने आधीच भरावा असे ठरले आणि टपालाचे तिकीट जन्मास आले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ साली अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. पोर्तुगीज हिंदुस्थानाची पहिली तिकिटे १८७१ ची. तिकिटाने दळणवळण स्वस्त केले, पण त्याबरोबर एक लगामही घातला. ज्या व्यापाऱ्याला हजार अनोळखी लोकांना पत्रे धाडावयाची, त्याला आधी हजार तिकिटांचे पैसे मोजावे लागत. हा लगाम कायद्याचा नव्हता, खिशाचा होता. आणि पत्रातील मजकुराशी त्याला काही कर्तव्य नव्हते.

ई-मेल आली आणि हा लगाम तुटला. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या गॅरी थर्क या विक्रेत्याने सुमारे चारशे लोकांना एकच जाहिरात न मागता धाडली. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-मेल पोहोचविण्याचे जे नियम शब्दबद्ध केले, त्यांत पाठविणाऱ्याने लिहिलेले नाव खरे की खोटे हे तपासण्याची सोय नव्हती. तो काळ परस्परविश्वासाचा होता. पुढे खर्च जवळजवळ शून्यावर आला, नाव खोटे घालता येऊ लागले आणि नको असलेल्या पत्रांचा पूर लोटला. १९९७ साली पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी संगणकांची काळी यादी चालविण्यास आरंभ केला. पैशाने घातलेल्या लगामाची जागा अशा रीतीने पाठविणाऱ्याच्या पतीने घेतली.

ही पत कशी मोजली जाते? पत्र त्या नावाच्या अधिकृत संगणकावरूनच निघाले का, त्यावर खरी सांकेतिक मोहोर आहे का, किती पत्रे अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवरून परत आली, किती वाचकांनी ‘हे नको’ म्हणून तक्रार केली, याची नोंद होत राहते. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला सुमारे पाचशे पत्रांपलीकडे जाता येत नाही. मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांना गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोहोर आवश्यक केली, यादीतून एका खुणेसरशी नाव काढण्याची सोय देण्यास सांगितले आणि तक्रारींचे प्रमाण हजारी तीनच्या आत ठेवण्याची अट घातली. नव्या नावाने पहिल्याच दिवशी हजारो पत्रे सोडली तर ती संशयास्पद ठरतात. नवा दुकानदार जसा लहान उधारी वेळेवर फेडून आपले नाव जमवितो, तसेच येथेही थोड्या पत्रांपासून चढत जावे लागते. ‘लाख जावोत, पण साख न जावो’ ही व्यापाऱ्यांची म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

मर्यादा कोठवर न्याय्य, हा वाद भारतातही झाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली व लवकरच ती दोनशेवर नेली. जाहिरातींचा उपद्रव थांबविणे हा तिचा हेतू होता. तथापि खाजगी निरोपांनाही तीच काठी लागत असल्यामुळे २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. उपद्रव करणारा आणि आप्तांना कळविणारा यांत भेद केला पाहिजे, हे या निर्णयाचे मर्म होय.

हा भेद आज पेडण्याच्या किनाऱ्यालाही भिडतो. हरमल किंवा मोरजी येथे घरातील दोन खोल्या पाहुण्यांना देणारी एखादी गृहिणी दूरदेशीच्या प्रवासी संस्थांना प्रथमच पत्र लिहिते, तेव्हा तिची ओळख नसते आणि पतही नसते. तिने विकतची यादी घेऊन एका रात्रीत हजार पत्रे सोडली, तर दोष तिचाच. पण ज्या सामाईक संगणकावरून तिचे पत्र जाते, त्यावरच कोणी दुसरा उपद्रव करीत असेल, तर त्याच्या पापाचा वाटा तिच्या माथी येतो. पत्र परत येत नाही. ते नकोशा पत्रांच्या कप्प्यात निमूट पडून राहते, आणि उत्तर का आले नाही हे तिला कधीच कळत नाही.

जुना तपासनीस मजकूर पाहून अडवीत असे. नवी यंत्रणा मुख्यतः वागणूक पाहून अडविते. हा फरक मोठा आहे, आणि वाचकाच्या शांततेसाठी ती मर्यादा हवीच. परंतु लग्नपत्रिका अडली तर निदान ती अडल्याचे यजमानाला समजत असे. ज्या वहीत पाठविणाऱ्याची पत लिहिली जाते, ती त्याला पाहता यावी आणि चूक असल्यास दाद मागता यावी, एवढी मागणी न्याय्यच म्हटली पाहिजे. तोवर नवख्याने ओळखीच्या दहाजणांना नावानिशी लिहावे, उत्तराची वाट पाहावी, आणि मगच अकरावे पत्र हाती घ्यावे.